भिलाई स्टेशनावर मोहटोल्याचं गाठोडं

२६ डिसेंबर १९६०, सोमवार

होल्डॉलचा पट्टा ऐन निघायच्या सकाळी तुटला. त्या वेळी चांभार कुठला मिळायला! दुहेरी दोरा मेणातून ओढून घेतला, दाभणाने भोकं पाडली आणि पट्टा बक्कलाला शिवून टाकला. नागपूरच्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवते, त्यामुळे अशा बाबतीत माझं कोणावाचून अडत नाही. यजमान गेल्यापासून इतर बाबतींतही अडू दिलेलं नाही.

वसंता, माझा एकुलता मुलगा, भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागला त्याला वर्ष झालं. कारखान्याच्या वसाहतीत, एका सेक्टरमध्ये, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तेव्हापासून त्याच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच वाक्य असतं: नोकरी सोड आणि इकडे येऊन राहा. असल्या गोष्टी पत्रावरून ठरवायची माझी रीत नाही. कापड हातात घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. म्हणून नाताळच्या सुट्टीत जागा पाहायला निघाले.

ज्यांना जायचं असेल त्यांना सांगते, मेलच्या नादी लागू नका. मेल दुर्गला सोडते आणि तिथून पुढे बस शोधत बसावं लागतं. सकाळची पॅसेंजर वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाते खरी, पण संध्याकाळी थेट भिलाईला उतरवते.

कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड झालं. धान कापून नेलेली शेतं, मध्ये तलाव, तलावाकाठी धुणी. तिरोड्याला गाडी थांबली तेव्हा एक बाई डब्या-डब्याशी जाऊन विचारत होती, "भिलाईले कोन जाते जी? भिलाईले कोनी हाये का?"

समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी लगेच माझ्याकडे बोट केलं. उतरायची जागा त्यांना सांगितल्याचा मला पश्चात्ताप झाला.

बाईने हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं खिडकीच्या गजांतून आत ढकललं. "एवढं माझ्या श्रावनले देजा, बाई. तिथं लोखंडाच्या कारखान्यात परमनंट हाये."

"पत्ता काय त्याचा?"

"भिलाई."

"अहो, भिलाई केवढी आहे! सेक्टर कुठला? खातं कुठलं?"

"टेशनवर इचारजा. मोहटोल्याचा श्रावन म्हना. कोनीबी सांगते."

मी गाठोडं परत गजांपाशी नेलं. तिने हात मागे घेतले. "दिवाळीले नाही आला. मंडईले नाही आला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. कावून नाही आला तेवढं इचारजा. तुमी परत कवा येता?"

"शुक्रवारी. सकाळच्या गाडीने."

"मंग शुक्करवारी मी गाडीवर राहीन. तो काय म्हनते ते मले सांगजा."

दिवाळीनंतरची मंडई म्हणजे भंडाऱ्याकडची मोठी गोष्ट. दूर गेलेला माणूसही त्या दिवशी गावात येतो. जो येत नाही त्याच्याबद्दल लोक बोलतात. हे मला माहीत होतं, पण गाठोडं घेण्याचं ते कारण नव्हे. शिट्टी झाली आणि ते माझ्याच मांडीवर राहिलं, एवढंच.

डोंगरगडनंतर झाडी मागे पडली. जमीन सपाट झाली, मुरूम लाल दिसू लागला. दुर्गला अर्धी गाडी रिकामी झाली आणि पुढे क्षितिजावर कारखान्याच्या चिमण्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पायथ्याशी एवढं मोठं गाव असेल असं वाटत नव्हतं. उघडा माळ, त्यावर धूर, आणि एकदम भिलाई.

स्टेशन मात्र कारखान्याच्या मानाने अगदी बेताचं. बुटकी कौलारू इमारत, तिला मागाहून जोडलेल्या नव्या खोल्या, आणि लांबवत नेलेला फलाट. जुना फलाट कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला हे पायाला कळतं, कारण फरशी जाऊन मुरूम लागतो. तिकिटाची खिडकी, पार्सलची खोली, बायकांसाठी एक वेटिंग रूम. तिची कडी आतून लागत नव्हती. पाण्याचा नळ चांगला होता.

वसंता आलेला नव्हता. मी चकित झाले नाही. पाळी बदलली असणार हे उघड होतं. ट्रंक उचलायला एक माणूस पुढे आला. तिशीच्या आतला, अंगात निळा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खांद्यावर गमछा. दंडावर हमालाचा बिल्ला नव्हता. मी सेक्टर आणि रस्ता सांगितला. ट्रंकेवर होल्डॉल, होल्डॉलवर गाठोडं अशी चळत मी लावली. त्याने चळतीकडे पाहिलं आणि जरा थांबला. मग गाठोडं काढून काखेत घेतलं आणि बाकीचं डोक्यावर.

"वरच राहू दे की," मी म्हणाले.

"दबेगा, माँजी."

तो पुढे, मी मागे. सगळे रस्ते सारखे, सगळी क्वार्टरं सारखी, अंगणातली वीतभर रोपंही सारखी. किल्ली शेजारी ठेवलेली होती. आत आल्यावर त्याने सामान खाली ठेवलं, पण गाठोडं मात्र खुंटीला अडकवलं. "नीचे मत रखना. चींटी लगेगी, गुड़ का है."

"कुठला रे तू?" मी मराठीतच विचारलं.

"इधर का ही," म्हणाला, आणि गेला.

किल्ली देणाऱ्या कौसल्याबाई साकोलीकडच्या. त्यांचे यजमान कारखान्यात क्रेन चालवतात. त्यांनी पिठलं-भात आणून दिला. दुसऱ्याच्या घरच्या ताटात एकटीने जेवायचं असतं तेव्हा अन्न चांगलं असलेलं बरं. ते चांगलं होतं.

मंगळवार, बुधवार

भिलाईत लोक घड्याळ पाहत नाहीत, भोंगा ऐकतात. भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा पूर येतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. वसंताची रात्रपाळी होती. सकाळी तो आला, पाया पडला, "आई, बारीक झालीस," म्हणाला आणि मी केलेले पोहे खाता खाताच त्याचे डोळे मिटू लागले. मग तो दुपार टळेपर्यंत झोपला. मी भांडं वाजू नये म्हणून भांडी घासली नाहीत. नळाची धार बारीक ठेवली. मागच्या ओट्यावर बसून त्याच्या चार सदऱ्यांची बटणं पक्की केली, आणि मग करायला काही उरलं नाही.

समोरच्या रांगेत मल्याळी कुटुंब, पलीकडे पंजाबी, कोपऱ्यावर बंगाली. बायका माझ्याकडे पाहून हसत. मीही हसत असे. त्यापुढे जायला भाषा नव्हती. नागपुरात मी एकटी राहते, पण सकाळी दूधवाल्याशी भांडते, शाळेत पोरींवर ओरडते. इथे दोन दिवसांत भांडण्याजोगा माणूस भेटला नाही.

उठल्यावर वसंता बोलला. "करून काय राहिली तू तिकडे एकटी? इथे मी आहे."

"तू कुठे आहेस? झोपेत आहेस नाहीतर पाळीवर."

"पाळी बदलते, आई."

"मग मी तुझ्या पाळीप्रमाणे चालू?"

तो हसला, पण नाराज झाला. दाराशी त्याचे मित्र आले. त्यांच्याशी तो हिंदीत बोलू लागला आणि त्याचा आवाजच बदलला. मोकळा झाला. तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता.

संध्याकाळी कौसल्याबाई डोक्यावर पदर घेऊन निघाल्या. "स्टेशनावर चला. गाडी येते."

"कोण येणार आहे तुमचं?"

"कोनी नाही."

तरी मी गेले, आणि गाठोडं घेऊन गेले. आदल्या दिवशी गर्दीत मला जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. गोंदियाकडची पॅसेंजर यायच्या वेळेला फलाटावर निदान दोन-अडीचशे माणसं उभी, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना कोणाला उतरवून घ्यायचं होतं. गाडी थांबली तशी डब्यांतून हाकाटी सुरू झाली.

"तुमसर! तुमसरवाले!"

"लाखनी हाये का, लाखनी?"

"आमगाव! अरे आमगाववाले मेले का सारे?"

"जित्ते हावो बाप्पा, दे इकडे!"

पिशव्या, डबे, कोंबडीची टोपली, लाखोळीच्या डाळीचं पोतडं. ज्याच्या गावाची हाक, तो पुढे होई आणि गावातल्या सगळ्यांचं घेई. मग आपल्या रस्त्यावर वाटून टाकी. आपल्याकडे स्टेशनावर माणूस माणसाला घ्यायला जातो. इथे गाव गावाला घ्यायला येतं. कौसल्याबाई म्हणाल्या, उलट्या दिशेच्या गाड्यांवर बिहारी आणि बंगाली असेच उभे असतात.

चहाच्या टपरीवर एक म्हातारी छत्तीसगढी बाई बसते. सगळे तिला दाई म्हणतात. हे स्टेशन कारखान्याच्या पुष्कळ आधीचं, हे मला तिच्याकडून कळलं. "पहिली इहां कुछू नइ रिहिस, बाई," ती म्हणाली. पूर्वी इथे काहीच नव्हतं. चहूकडे धानाची शेतं, एक कंदील, आणि फलाटामागे वांगी लावणारा एक स्टेशनमास्तर. दिवसात मोजकी माणसं उतरत, आणि उतरलेला कोणाच्या घरचा हे तिला चेहऱ्यावरून कळे. मग मोजणीदार आले, त्यांनी शेतात खुंट्या ठोकल्या. मग सिमेंटच्या वाघिणी, यंत्रांच्या पेट्या, तंबू, गोरे रशियन इंजिनिअर. तिची शेती कारखान्यात गेली आणि तिला टपरी मिळाली. "आता चेहरा ओळखता येतो का?" मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि कप विसळायला घेतला.

"मंग, मास्तरीनबाई, हाका मारा," कौसल्याबाई म्हणाल्या. "मानसाचं नाव घेऊ नका. मानूस कोन ओळखते इथं? गावाचं नाव घ्या."

"मोहटोला," मी म्हणाले.

"हे काय वर्गात हजेरी घेऊन राहिल्या का? पोटातून वरडा!"

आजूबाजूचे हसले. मी पोटातून ओरडले. "मोहटोला! मोहटोल्याचं कोणी आहे का?" साऱ्या फलाटावर माझा आवाज गेला आणि परत आला. कोणी पुढे झालं नाही. एकजण म्हणाला, मोहटोल्याचे चार-पाच जण होते, बांधकामावर, ठेकेदाराचं काम संपलं तसे गावाले गेले. कारखान्यात पर्मनंट? त्याला माहीत नव्हतं.

पार्सलच्या खोलीपाशी निळ्या स्वेटरचा हमाल पाठ करून उभा होता.

बुधवारीही मी ओरडले. आता लोक ओळखू लागले होते. "आली मोहटोला एक्सप्रेस," कोणीतरी म्हणालं. गाडी गेली, सगळे आपापल्या पिशव्या घेऊन पांगले, आणि मी परक्याचं गाठोडं घेऊन उरले. कारखान्याकडचं आकाश तांबडं झालं होतं. कोणाचं तरी कोणीतरी इथे हरवलं आहे, आणि शुक्रवारी त्याच्या आईला तोंड दाखवायचं काम माझ्याकडे आलं आहे, एवढा विचार करत मी चालत आले. शंभर क्वार्टरांत आमचं कुठलं ते ओळखायला दोनदा रस्ता चुकले.

गुरुवार

दुपारी कौसल्याबाई म्हणाल्या, "आत खायचं असन तं नासन, बाई. वाटून टाकू. अन्न वाया जाऊ नये."

"नासलं असेल का?"

त्यांनी गाठोडं खुंटीवरून काढून नाकाशी नेलं, दाबून पाहिलं. "वास तं कायचाच नाही. आत डबा हाये, झाकण घट्ट लावेल."

मी ते हातात घेतलं आणि हुंगलं. जुन्या लुगड्याचा, धुराचा वास. गुळाचा अजिबात नाही. गाठ तीच होती, तिरोड्याच्या बाईने मारलेली. गाठी मी विसरत नाही. ती कोणी सोडलेली नव्हती. मग आत गुळाचं आहे हे त्या हमालाला कसं कळलं?

संध्याकाळी मी एकटीच गेले. गाडी यायला अवकाश होता. तो पार्सलच्या खोलीमागे उकिडवा बसून विडी ओढत होता. मी गाठोडं त्याच्यासमोर ठेवलं.

"हे उचल," मी म्हणाले. "मोहटोल्याचं आहे."

त्याने विडी विझवली. हिंदी बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "तुमाले कोनं सांगतलं?"

"तूच. गुळाचं आहे म्हणालास."

त्याने फडक्याचा काठ बोटांत धरला. "माय दर पुसाच्या महिन्यात गुळाच्या सांजोऱ्या करते. तिचंच लुगडं हाये हे."

"दोन दिवस मी ओरडते आहे, ते ऐकू आलं नाही?"

"आलं जी."

"मग?"

तो बांधकामावर होता. एका ठेकेदाराकडे. गेटात शिरायला पितळी बिल्ला मिळाला, तेव्हा याला वाटलं आपण कारखान्याचे झालो. तसं त्याने गावाला कळवलं. आईने पर्मनंट झाला म्हणून गावभर गूळ वाटला. पावसाळ्याच्या तोंडाशी ते काम संपलं, बिल्ला परत घेतला. बरोबरचे गावी गेले. "ते गेले, त्याहिले कोनी काई म्हनत नाही. मायनं गूळ नव्हता वाटला त्याहिच्या. मी काय तोंड घेऊन जाऊ?"

"म्हणून तिने पाठवलेलं खायचंही नाही?"

"माझ्या डोक्यावर आलं तवाच मले समजलं, बाई. म्हनलं, तुमच्या खुंटीवर तरी राहीन ते."

उद्या सकाळी त्याची आई तिरोड्याच्या फलाटावर उभी असणार हे मी त्याला सांगितलं. तो उठूनच उभा राहिला. "तिले सांगजा, कारखान्यात हाये म्हना. सुट्टी नाही भेटत म्हना."

"खोटा निरोप मी नेत नाही."

"मंग भेटला नाही म्हना."

"तेही खोटंच. आणि पहिल्यापेक्षा वाईट. तुझा पत्ता लागला नाही असं ऐकून ती घरी कशी जाईल?"

दूर सिग्नल पडला, फलाटावर माणसं जमू लागली. त्याने खाली बसून गाठ सोडली, डबा उघडला. एक सांजोरी त्याने खाल्ली, एक मला दिली. चांगलीच कडक झाली होती. दोघंही चावत बसलो. मग त्याने नळावर जाऊन फडकं धुतलं, पिळलं. रिकामं फडकं परत पाठवत नाहीत, हे आमच्याकडेही पाळतात. दाईच्या टपरीवरून त्याने मुरमुरे आणले आणि म्हणाला, "सकाळी बांधून देतो. सुकलं पायजेन."

"आणि मी सांगू काय?"

"तुमाले पटन ते सांगजा," तो म्हणाला. गाडी आली होती. तो सामानाकडे धावला.

घरी वसंता पाळीवर निघायच्या तयारीत होता. उद्या सकाळी त्याला स्टेशनावर यायला जमणार नाही, जोडपाळी आहे, म्हणाला. चालेल म्हटलं. दाराशी सायकल धरून त्याने विचारलं, "मग कधी येशील?"

"बघू."

"आई, 'बघू' म्हणजे नाही असतं तुझं."

मी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं. तो गेला. भोंगा झाला, सायकली वाहिल्या, रस्ता रिकामा झाला.

शुक्रवार

सकाळी श्रावणने ट्रंक डब्यात बाकाखाली सरकवली आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. फडकं अजून दमट होतं. तो खाली उतरला, खिडकीशी आला. गाडी हलली तेव्हा मुरमाच्या फलाटाच्या टोकापर्यंत तो बरोबर चालत आला. मला निरोप द्यायला आलेला तेवढाच माणूस.

उन्हं चढल्यावर तिरोडा आलं. फलाटावर लोक पुष्कळ होते आणि ती दिसेना. मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं आणि पोटातून ओरडले, "मोहटोला! मोहटोलावाली बाई!" समोरच्या बाकावरच्या बायका दचकल्या.

ती पळत आली. आधी फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भेटला?"

"भेटला. बरा आहे. तुमची सांजोरी माझ्यासमोर खाल्ली."

"कारखान्यात हाये?"

"नाही. ते काम संपलं. तो भिलाईच्या स्टेशनावर असतो. सामान उचलतो." मी एका दमात सांगून टाकलं. "गावाला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून आला नाही."

तिने गाठोडं छातीशी धरलं. मला वाटलं आता रडेल, आणि गाडी थोडाच वेळ थांबते. पण ती विचार करत होती.

"टेशनवर? म्हंजे गाडीपाशी?"

"हो."

"रोज?"

"रोज. सकाळच्या आणि संध्याकाळच्या."

"हेच गाडीपाशी?" तिने डब्याच्या लाकडाला हात लावला.

"याच."

"मंग बरं झालं, बाई," ती म्हणाली. "तेवढ्या मोठ्या कारखान्यात कोनं शोधलं असतं त्याले? गाडीपाशी हाये तं सापडन." तिचा तळवा डब्यावर तसाच होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. शिट्टी झाली. डबा तिच्या हाताखालून सरकायला लागला, तशी ती बरोबर चालू लागली.

"तुमी परत कवा जाता भिलाईले?"

"मे महिन्यात," मी ओरडून सांगितलं.